परदेशी पोस्टिंग: मराठवाड्यातून निघणाऱ्या कुटुंबानं घर कसं हलवावं आणि कसं मांडावं

दूतावासातल्या नेमणुकीचा आदेश आला की घरात पहिली चर्चा सामानाची होते. फ्रीज विकायचा का, कपाट कोणाकडं ठेवायचं, काळा मसाला किती न्यायचा. खरं तर सामान हा यातला सोपा भाग. निघण्याआधी गाडी अडते ती कागदावर, लसीच्या कार्डावर आणि लेकरांच्या शाळेत; पोचल्यावर अडते ती शेगडीपाशी. इथली माहिती अधिकाऱ्याच्या कुटुंबाला जितकी लागू आहे तितकीच सहायक, लेखा, सुरक्षा किंवा चालक म्हणून जाणाऱ्यांच्या कुटुंबालाही. जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे.

एक हिशोब आधीच पक्का करा. जहाजानं पाठवलेलं सामान दारात यायला, देश आणि बंदर पाहून, दीड ते तीन महिने लागतात. म्हणजे घर दोनदा मांडावं लागतं: आधी विमानातल्या बॅगांमधून, मग कंटेनरमधून. रोज लागणारं कंटेनरमध्ये आणि पाहुण्यांसाठीचं बॅगेत, अशी उलट भरणी झाली की पहिले दोन महिने हाल होतात. प्रत्येक वस्तू हातात घेताना एवढंच विचारा: ही दुसऱ्या दिवशी सकाळी लागेल, की दिवाळीला?

कागद: नाव, तारीख, गाव

राजनैतिक दर्जाच्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला मरून रंगाचा पासपोर्ट मिळतो, इतर कर्मचाऱ्यांना पांढरा. अर्ज खात्यामार्फत जातो, काम परराष्ट्र मंत्रालयाच्या दिल्लीतल्या पतियाळा हाऊस या कार्यालयातून चालतं आणि आपला साधा निळा पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यामुळं निळ्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या रंगीत प्रती आधीच काढून ठेवा. जुन्या व्हिसांचे तपशील पुढं फॉर्मांत विचारतात.

आपल्याकडं घोळ ठरलेल्या जागी असतात. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि वडिलांच्या नावात कुठं 'राव' आहे, कुठं नाही. गावाकडं मास्तरांनी नाव घालताना लिहिलेली १ जून ही जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरीच. गावातच लग्न लागलं आणि नोंदणी कधी केलीच नाही, हेही नेहमीचं. विवाह प्रमाणपत्राशिवाय जोडीदाराचा व्हिसा पुढं सरकत नाही, म्हणून आदेशाची वाट न पाहता नुसती कुणकुण लागली तरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद काढा. जुना हस्तलिखित मराठी जन्मदाखला असेल तर मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक नवा दाखला मागा.

गावांच्या नावांचीही एक गंमत आहे. २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. पासपोर्टवर जुनं नाव असेल आणि नव्या दाखल्यावर नवं, तर परदेशातल्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात. त्यातून बिहारातही एक औरंगाबाद आहे. व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टवर आहे तेच नाव लिहा आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत फाईलमध्ये ठेवा.

जन्म, विवाह आणि शिक्षणाच्या कागदांवर निघण्याआधीच ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्या. भारत २००५ पासून हेग करारात आहे, त्यामुळं करारातल्या बहुतेक देशांत हा शिक्का चालतो (जर्मनीसारखे अपवाद आहेत). आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम आहे. जायचा देश करारात नसेल तर मंत्रालयानंतर त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाची पायरी वाढते. हे काम परदेशात बसून करायचं म्हटलं तर तिप्पट वेळ जातो.

आई-वडिलांना बरोबर न्यायचं असेल तर सगळ्यात आधी तोच प्रश्न विचारा. 'कुटुंब' कोणाला म्हणायचं हे यजमान देश ठरवतो. जोडीदार आणि लहान लेकरं सगळीकडं धरली जातात. म्हातारे आई-वडील आणि अठरा-एकवीस ओलांडलेली मुलं बऱ्याच ठिकाणी धरली जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी परवानगी लागते किंवा साधा पर्यटक व्हिसा, आणि मग त्यांच्या दवाखान्याचा विमाही आपल्यालाच पाहावा लागतो.

लसीचं कार्ड आणि औषधांची पिशवी

शाळेतला प्रवेश पुष्कळदा लसीवरून अडतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत मिळणारी सरकारी लस एमआर आहे, म्हणजे गोवर आणि रुबेला. परदेशी शाळा एमएमआर मागतात, ज्यात गालफुगीही येते. शिवाय आपल्याकडं पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाहीत. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. सगळे डोस वेळेवर झालेलं लेकरूही तिथल्या कागदावर 'अपूर्ण' ठरतं ते यामुळं. बालरोगतज्ज्ञाला जायच्या देशाचं शालेय वेळापत्रक दाखवून उरलेले डोस इथंच पूर्ण करा. दोन डोसांत काही आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून हे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीवरून इंग्रजीत दाखला घ्या, त्यावर सही-शिक्का आणि प्रत्येक डोसची तारीख हवी. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, दिल्याचाही उल्लेख करून घ्या. ती घेतलेल्या लेकराची क्षयाची त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि जिथं बीसीजी देत नाहीत तिथले डॉक्टर घाबरवून सोडतात.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात जात असाल तर ती लस मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या ठरावीक केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. ९ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. सुट्टीत घरी येताना भारतातच ते मागतात, आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

औषधं मूळ पाकिटात न्या, गोळ्या डब्यात सुट्या करून नकोत. बरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, तिच्यावर कंपनीचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलची गोळी अमिरातीत नियंत्रित आहेत, आधी परवानगी लागते. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापेक्षा जास्तीची न्यायची तर आधी मंजुरीचा कागद काढावा लागतो, आणि सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतला घटकही तिथं चालत नाही. पारा-शिसं असलेली भस्मं नेऊच नका. बीपी, शुगर, थायरॉईडची औषधं तीन महिन्यांची घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत.

सूट कशाला, किती

नातेवाइकांत एक समज घट्ट असतो: 'तुम्हाला काय, तुमची बॅग कोणी उघडत नाही.' राजनैतिक संबंधांबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये राजनैतिक अधिकाऱ्याच्या वैयक्तिक सामानाला तपासणीतून सूट आहे, हे खरं. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की बंदी असलेली किंवा विलगीकरणाच्या नियमांत येणारी वस्तू असल्याचा सबळ संशय असेल तर अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर सामान उघडता येतं. थोडक्यात, जकात माफ आहे, कीड माफ नाही. आणि 'डिप्लोमॅटिक बॅग' ही फक्त सरकारी कामाच्या वस्तूंसाठी असते. त्यातून शेंगदाण्याची चटणी मागवायची नसते.

प्रशासकीय आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी कलम ३७ वेगळं सांगतं: जकातमाफी फक्त पहिल्यांदा घर मांडताना आणलेल्या वस्तूंवर. बऱ्याच देशांत त्याला मुदत असते. तुमच्या ठिकाणची मुदत मिशनच्या, म्हणजे तिथल्या आपल्या दूतावासाच्या, प्रशासनाकडून लेखी विचारून घ्या आणि कंटेनर त्याआधी पोचेल असं पाहा. 'सोफा पुढच्या वर्षी मागवू' म्हणाल तर त्यावर पूर्ण जकात बसू शकते.

कलम ४१ सांगतं की यजमान देशाचे कायदे पाळणं बंधनकारक आहे. गाडीचा विमा, वेगमर्यादा, घरकामाच्या माणसाचा पगार, कचऱ्याचे नियम, सगळं आलं. घरकामाला भारतातून कोणाला नेणार असाल तर तिथल्या किमान वेतनाचा लेखी करार आणि बँकेतून पगार याशिवाय नेऊ नका. यात कसर करण्यासारखा दुसरा धोका नाही.

बॅगेत काय

खाण्याच्या वस्तूंची यादी देश पाहून करा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, आणि तूप, पेढे, खवा हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत खाप्रा नावाच्या भुंगेऱ्याच्या धास्तीनं भारतातला तांदूळ सामानात चालत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करायची. जाहीर केलेली फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर जागेवर दंड. अमिराती, सौदी आणि सिंगापूरला खसखस अजिबात नको, चिमूटभरही नको. अनारशाला लावलेलीही नको. तिथं तो अमली पदार्थांचा गुन्हा आहे.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, कारण तेलामुळं ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. मसाला इथंच कुटून न्या. चार जणांच्या घराला दोन महिन्यांना अर्धा किलो काळा मसाला आणि पाव किलो येसर पुरतं. कांडपातून आणलेला मसाला साध्या पिशवीत न भरता हवाबंद करून घ्या आणि वर इंग्रजीत नाव, घटक, तारीख असा छापील कागद चिकटवा. नाव नसलेली पूड दिसली की तपासनीस थांबतोच. लोणचं काचेत नको. जाड प्लास्टिकची बरणी, झाकणावर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या.

कुकर मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत तो सुरक्षा तपासणीला अडतो. त्याच्याबरोबर दोन रबरी रिंगा, एक शिट्टी आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. परदेशात कुकर मिळतो, त्याची रिंग मिळत नाही. दोन ताटं, चार वाट्या, एक परात, लोखंडी तवा, चाकू, पोळपाट-लाटणं, एक तांब्या. एक चादर-जोडी माणशी. एवढ्यात दोन महिने निघतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

थंड देशात जाताना इथून लोकरीचे ढीग विकत घेऊ नका. आपल्याकडची थंडीची कापडं पुणे-महाबळेश्वरापुरती असतात. अंगालगतचे थर्मल कपडे माणशी दोन जोड आणि विमानातून उतरल्यावर गाडीपर्यंत पुरेल असं एक जाकीट न्या. वारा अडवणारा कोट आणि बूट तिथंच घ्या. बूट जाड मोजे घालून मापाला पाहायचे, म्हणजे एक नंबर मोठा येतो. आत सुती बनियन नको, घामानं ओलं झालं की अंग गार पडतं.

कंटेनर

२० फुटी कंटेनरमध्ये आतून साधारण ३३ घनमीटर जागा असते. त्यातला आपला हक्काचा वाटा किती हे दर्जानुसार ठरतं, ते आदेशातच पाहा. खोकं क्रमांकानं ओळखलं जावं: बाहेर नुसता क्रमांक, यादीत क्रमांकापुढं वस्तू, नग आणि किंमत, सगळं इंग्रजीत. 'स्वयंपाकघराचं सामान' एवढंच लिहिलं तर जकातीत खोकं उघडलं जातं. बाहेर 'पैठण्या' असं कधीच लिहू नका.

लाकडी पेट्या गावातल्या सुताराकडून करून घेण्याचा मोह होतो. निर्यातीच्या लाकडाला आयएसपीएम १५ हा नियम लागू आहे: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर पेटी बंदरातच अडते, कधी जाळूनही टाकतात. प्लायवूडला हा नियम नाही.

घर बहुतेक ठिकाणी फर्निचरसकट मिळतं, मग पलंग आणि सोफा कशाला? न्यायचं ते भांडी, पुस्तकं, देवघर, गाद्यांच्या खोळी, लेकरांची सायकल आणि लोकांना जेवायला बोलावल्यावर लागणारं. भेट म्हणून हिमरू शाली उत्तम: हलक्या, न फुटणाऱ्या, आणि कोणी विचारलं तर संभाजीनगर आणि वेरूळबद्दल बोलायला निमित्त. ओल लागू नये म्हणून प्रत्येक मोठ्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. जहाजात दिवसा-रात्रीच्या तापमानफरकानं आतून पाणी सुटतं.

घर ताब्यात घेताना

घर मिशननं भाड्यानं घेतलेलं असो की सरकारी मालकीचं, पहिल्या दिवशी एक यादी समोर येते आणि सही मागतात. प्रवासानं डोळे मिटत असतात, तरी त्या क्षणी सही करू नका. दोन दिवस मागून घ्या, यादी हातात घेऊन खोलीखोलीत फिरा, भेगा, डाग, ओरखडे, पडद्यांची टोकं यांचे तारखेसकट फोटो काढा आणि तेच मिशनला आणि घरमालकाच्या प्रतिनिधीला ईमेलनं पाठवा. वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरांचे फोटोही त्यातच. तीन वर्षांनी घर सोडताना वाद होतो तो लाकडी जमिनीवरच्या ओरखड्यांवरून आणि भिंतीच्या खिळ्यांवरून.

पहिल्या संध्याकाळी हे शोधून ठेवा: पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मुख्य खटका, गॅसचा व्हॉल्व्ह, आणि आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट. घर स्वतः शोधायचं असेल तर करारात बदलीची अट घालायला सांगा. ती असेल तर बदलीचा आदेश दाखवून मुदतीआधी घर सोडता येतं.

न्हाणीघराचा घोटाळा वेगळाच. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक घरांत जमिनीला मोरीच नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीतच जायला हवं. बादली-तांब्यानं बाहेर अंघोळ केली, फरशी धुतली, तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि भरपाई आपल्या अंगावर. बादली टबात ठेवा, पडदा टबाच्या आत सोडा. शौचालयात जेट बसवायचा तर टाकीच्या नळाला टी-जोड लावून बसतो, पण आधी लेखी परवानगी घ्या आणि त्यालाच वेगळा कॉक ठेवा. वापर झाला की बंद, नाहीतर एखाद्या रात्री नळी फुटून घर तरंगतं.

थंडीत काचा बंद, आत भात शिजतोय, रेडिएटरवर कपडे वाळतायत, आणि महिन्याभरात कपाटामागं काळी बुरशी. आपल्याकडं कोरडी हवा, त्यामुळं हे लक्षातच येत नाही. उपाय एकच: दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यानं भिंत गार पडते आणि ओल वाढते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा.

शेगडी, मिक्सर आणि भाकरी

विजेपासून सुरुवात करू. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्रिटन, युरोप, आखात, आफ्रिकेचा बराच भाग, ऑस्ट्रेलिया इथं दाब साधारण तोच आहे, फक्त प्लग बदलतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. आपली २३० ची इस्त्री अमेरिकेत लावली तर साधारण चौथा हिस्सा शक्तीवर चालते, म्हणजे नुसती कोमट होते. प्लग बदलणारा ॲडॉप्टर दाब बदलत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असेल तर काळजी नाही. ७५० वॅटच्या मिक्सरला अमेरिका-जपानमध्ये दाब वाढवणारा, निदान १५०० व्हीए क्षमतेचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, तो बोजड असतो आणि गुणगुणतो. त्यापेक्षा ११० व्होल्टचं भारतीय मिक्सर विकत घ्या. घरघंटी नेऊ नका: तिची मोटार दाबावर आणि हर्ट्झवर दोन्हींवर अवलंबून असते. आफ्रिकेत वीज वरखाली होते तिथं फ्रीजला स्टॅबिलायझर लावा.

शेगडी बहुतेक इंडक्शन किंवा काचेची. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटतो तेच भांडं चालतं. निघण्याआधी घरातल्या सगळ्या भांड्यांना चुंबक लावून पाहा. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं, आणि एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर पातळ तवा मधोमध फुगतो आणि मग डुगडुगत राहतो. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या.

ज्वारीचं पीठ पाश्चात्त्य देशांत ग्लुटेन-फ्री मालाच्या फडताळात 'सॉरघम फ्लोअर' नावानं मिळतं. आफ्रिकेत सुदान, इथिओपिया, नायजेरिया इकडं ज्वारी हे लोकांचंच अन्न आहे, तिथं बाजारात दाणे घेऊन दळून आणता येतात. दुकानातलं पीठ महिनोन् महिने पडून असतं, त्याची विरी गेलेली असते, म्हणून भाकरी थापताना कडा फाटतात आणि उचलताना तुटते. अशा पिठाची उकड काढायची: दीड वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं, आच बंद करून दोन वाट्या पीठ टाकून उलथन्यानं ढवळायचं, दहा मिनिटं झाकायचं, आणि सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याच्या हातानं मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळून घ्या, बाकीचं झाकून ठेवा.

विस्तव नाही म्हणून भाकरी फुगत नाही असं नाही. वरच्या बाजूला पाणी लावलं, ते सुकायला आलं की उलटली, दुसरी बाजू पूर्ण भाजू दिली, की ओव्हनचा ग्रिल आधीच लाल करून ठेवलेला असावा. भाकरी जाळीवर ठेवून ग्रिलखाली पाऊण ते एक मिनिट. टम्म फुगते. दाराशी उभं राहा, दोन मिनिटांत काळी होते. काचेच्या, म्हणजे तारेनं तापणाऱ्या शेगडीवर पायाची जाळी ठेवून थेट शेकता येते. इंडक्शनवर फक्त तवा आणि कडा दाबायला फडकं.

फोडणीनं धुराचा अलार्म वाजतो. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून स्वयंपाक करणारी घरं दिसतात, तसं करू नका. काही शहरांत इमारतीचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि नाहक फेरीचं बिल येतं. एक्झॉस्ट फोडणीच्या पाच मिनिटं आधी सुरू करा, स्वयंपाकघराचं दार लावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका, मिरची आणि लसूण मोहरी तडतडल्यावर झाकण अर्धं ठेवून घाला. ठेचा बाहेरच्या गॅलरीत. खलबत्त्याखाली घडी केलेलं पोतं घाला: जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी आवाजाची तक्रार लगेच होते.

उंचावरच्या गावी नेमणूक असेल, जसं अदिस अबाबा, जे २३०० मीटरच्या वर आहे, तर उघड्या पातेल्यात तुरीची दाळ शिजतच नाही. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरला आपल्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या, दाळ तासभर आधी भिजवा, आणि भाताला पाणी थोडं वाढवा.

लेकरांची शाळा

केंद्रीय विद्यालय परदेशात काठमांडू, मॉस्को आणि तेहरान या तीनच ठिकाणी आहे. आखातात सीबीएसई शाळा भरपूर. बाकी ठिकाणी केंब्रिज किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची शाळा, नाहीतर तिथली सरकारी शाळा. सीबीएसईचं नववी-दहावी आणि अकरावी-बारावी असं दोन-दोन वर्षांचं गणित असतं. मधेच दहावीत किंवा बारावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. राज्य मंडळातून येणाऱ्याला तर अभ्यासक्रमही बदलतो. आमचं मत स्पष्ट आहे: लेकरू नववीत किंवा अकरावीत असेल तर नेमणुकीची तारीख त्याच्या वर्षाशी जुळवायचा प्रयत्न करा, आणि दहावी-बारावीत असेल तर वर्ष संपेपर्यंत त्याला आजी-आजोबांकडं ठेवणं बरं.

युरोप-अमेरिकेत वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर, जपानमध्ये एप्रिलमध्ये. आपली जूनची. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर, शाळेच्या शिक्क्याचं वागणुकीचं पत्र, हे सगळं मुख्याध्यापक उन्हाळी सुट्टीवर जायच्या आत घ्या. मराठी माध्यमातल्या लेकराला इयत्ता एक खाली बसवतील. भांडू नका, पण इंग्रजी आधाराचा वर्ग आहे का आणि तो कोणत्या तासांना पर्याय म्हणून होतो हे विचारा. तो गणिताच्या तासाला ठेवला तर गणितात पुढं असलेलं लेकरू तिथंही मागं पडतं.

जोडीदाराची नोकरी

राजनैतिक अधिकाऱ्याला व्हिएन्ना कराराच्या कलम ४२ प्रमाणं स्वतःच्या फायद्यासाठी धंदा-व्यवसाय करता येत नाही. जोडीदाराला करता येतो, पण त्या देशाशी भारताचा तसा करार किंवा समजुती असेल तरच, आणि मिशननं तिथल्या परराष्ट्र खात्याला आधी पत्र देऊन परवानगी आल्यावर. त्या कामाच्या उत्पन्नावर तिथला कर लागतो. घरी बसून भारतातल्या कंपनीचं ऑनलाईन काम करायचं असेल तरी विचारून करा. जिल्हा परिषदेत शिक्षिका असाल तर राजीनामा न देता असाधारण रजेचा अर्ज आधी टाका.

सुरक्षेसाठी घराचे, लेकरांच्या शाळेच्या दाराचे, गणवेशातले फोटो समाजमाध्यमांवर टाकणं बंद. गावाकडच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही दुसऱ्या दिवशी कुठंही पोचतो.

मागं राहिलेला व्यवहार

ओटीपी ज्या नंबरावर येतो ते सिम आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करूनच न्या. परदेशात गेल्यावर सुरू करायला पुन्हा त्याच सिमवर ओटीपी येतो. शेती असेल तर पीक पाहणी, पीक विमा, सातबाऱ्यावरच्या नोंदी कोण करणार ते ठरवा आणि त्याच्या नावानं मर्यादित अधिकाराचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवून जा. त्यात जमीन विकण्याचा अधिकार घालू नका. परदेशातून केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, ही मुदत लोक हमखास चुकवतात.

मतदानाचा हक्क जात नाही. केंद्र सरकारच्या परदेशातल्या नोकरीतला माणूस आणि बरोबर राहणारा जोडीदार 'सेवा मतदार' म्हणून फॉर्म ३ भरून गावच्याच यादीत राहतात, मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं येते आणि टपालानं परत जाते.

तिथं बाळ झालं तर वर्षाच्या आत मिशनमध्ये जन्मनोंद करून भारतीय पासपोर्ट घ्या. अमेरिकेत राजनैतिक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या बाळाला तिथलं नागरिकत्व जन्मानं मिळत नाही, त्यावर कोणी घरी चर्चा करत असेल तर थांबवा.

गाडी चालवायची असेल तर आपल्याच आरटीओत फॉर्म ४ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि भारतातूनच मिळतो, म्हणून विसरू नका.

दाराजवळची पिशवी

येमेन २०१५, युक्रेन २०२२, सुदान २०२३: तिन्ही वेळा भारतीयांना घाईनं बाहेर काढावं लागलं. शांत देशातही भूकंप आणि आग आहेच. एक पाठपिशवी कायम भरलेली ठेवा: पासपोर्ट आणि ओळखपत्रांच्या प्रती, ॲपोस्टिल केलेले दाखले, थोडे डॉलर आणि स्थानिक चलन सुट्या नोटांत, एका आठवड्याची औषधं, टॉर्च, चार्जर, पाणी, शेंगदाणे-गूळ, लेकरांच्या कपड्यांचा एक जोड. एका कागदावर मिशनच्या ड्युटी अधिकाऱ्याचा नंबर, तिथला आपत्कालीन नंबर (युरोपात ११२, अमेरिकेत ९११) आणि घरचा पत्ता स्थानिक लिपीत. पत्ता लेकरांकडून पाठ करून घ्या. कपडे आणि औषधांच्या तारखा दर सहा महिन्यांनी तपासा, कारण लेकरं वाढतात आणि पिशवीतली पँट वाढत नाही.